‘तुमच्या आधीच्या साहेबांनी कबूल केलं होतं’ हे पहिल्या भेटीत का बोलू नये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. दिल्लीतल्या एका छोट्या देशाच्या दूतावासात तुम्ही दोन वर्षं स्थानिक कर्मचारी म्हणून राजकीय विभागाचं काम बघता. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात तुमचा देश ज्या टेरिटोरियल डिव्हिजनकडे, म्हणजे ठरावीक देशांशी संबंध बघणाऱ्या विभागाकडे येतो, तिथे नव्या जॉइंट सेक्रेटरी (सहसचिव) रुजू झाल्या आहेत. पुढच्या आठवड्यात तुमचे राजदूत त्यांना पहिल्यांदा भेटतील. वेळ पंचवीस मिनिटं मिळाली आहे आणि राजदूतांसाठीचं ब्रीफ, म्हणजे भेटीच्या तयारीचं टिपण, तुम्ही करणार आहात; त्याचा मसुदा तुम्ही मला पाठवला आहे. राजदूतांना तीन अडकलेले विषय काढायचे आहेत: पुण्यात आणि इतरत्र शिकणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्यांच्या व्हिसा मुदतवाढीला होणारा उशीर, तुमच्याकडच्या कडधान्याची आयात आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निवडणुकीत भारताचा पाठिंबा. यातल्या एका विषयावर आधीच्या जॉइंट सेक्रेटरींनी तोंडी होकार दिला होता, असं राजदूतांचं म्हणणं आहे. तुम्ही विचारता, सौजन्य भेटीत काम काढावं की नाही?

देशाचं नाव दिलं नाहीत, हे योग्य केलंत. उत्तरासाठी त्याची गरजही नाही.

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. दिल्लीत जॉइंट सेक्रेटरी असताना राजदूत माझ्याकडे यायचे. टोकियोत आणि इतर काही राजधान्यांत आमच्या दूतावासाच्या वतीने मी तिथल्या मंत्रालयात जायचो. त्या अनुभवावरून सांगतो: काम काढावं का, या प्रश्नाच्या आधी एक दुसरा प्रश्न येतो. समोरचा अधिकारी नवा आहे. तो फाईल वाचून आला आहे. मग फाईलमध्ये जे लिहिलेलं नाही त्याचं काय होतं? तुमची खरी अडचण तिथे आहे. तोंडी झालेलं बोलणं बदलीबरोबर निघून जातं. ते नव्या अधिकाऱ्याच्या डोक्यात कसं पोचवायचं आणि पोचवताना त्याला अडचणीत कसं आणायचं नाही, यासाठी ही भेट आहे असं मी मानतो. अभिनंदन, चहा, फोटो हे सगळं होतंच आणि व्हायलाही हवं.

आधी मिनिटांचा हिशेब करा. कागदावर पंचवीस मिनिटं आहेत. आत जाणं, ओळखी, व्हिजिटिंग कार्डं, चहा, अभिनंदन यात पाच जातात. दोन्ही देशांच्या संबंधांवर जॉइंट सेक्रेटरी चार-पाच मिनिटं बोलतील, कारण त्यांच्या डेस्कनेही त्यांना ब्रीफ दिलेलं असतं आणि ते वापरायचं असतं. राजदूत स्वतःबद्दल आणि देशातल्या घडामोडींबद्दल चार मिनिटं घेतील. शेवटी फोटो आणि निरोपाला तीन. उरतात आठ-नऊ मिनिटं, आणि त्यात उत्तरंही आली. एवढ्या वेळात तीन विषय काढले तर प्रत्येकाला ‘आम्ही बघतो’ एवढंच उत्तर मिळेल. ते मिळालं की राजदूतांना वाटेल विषय मांडून झाला आणि जॉइंट सेक्रेटरींना वाटेल विषय ऐकून झाला. तिथून पुढे तो हलत नाही. तुमची भेट इंग्रजीत होईल, म्हणून हे तरी बरं. दुभाषा असेल तर हीच वेळ निम्म्यावर येते. टोकियोतल्या माझ्या पहिल्या भेटीत अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं झाली तेव्हा मी चार टॉकिंग पॉइंट्सपैकी दुसऱ्यावर होतो.

आता तुमचे तीन विषय बघा. तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे आणि ब्रीफमध्ये ती कुठे दिसत नाही: तिन्हींचा निर्णय या जॉइंट सेक्रेटरींच्या हातात नाही. विद्यार्थ्यांच्या व्हिसाची मुदतवाढ गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. अर्ज ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ऑनलाइन पोर्टलवर जातात आणि परवाना तिथली यंत्रणा देते. कडधान्याच्या आयातीचं धोरण वाणिज्य, कृषी आणि ग्राहक व्यवहार या मंत्रालयांत ठरतं. 2016 मध्ये मोझांबिकशी तुरीच्या आयातीचा करार झाला तेव्हा तो एका डेस्कवर झाला नव्हता. देशात डाळीचे भाव भडकले होते आणि अनेक खाती एकत्र बसली होती. पुढे इथे तुरीचं पीक चांगलं आलं की लातूरच्या बाजारात भाव पडायचे आणि आयातीवरून ओरड व्हायची. अशा विषयात परराष्ट्र मंत्रालयाच्या एका विभागाने पहिल्या भेटीत काय शब्द द्यावा? निवडणुकीतला पाठिंबा संयुक्त राष्ट्रांचं काम बघणारा विभाग ठरवतो. तिथे देवाणघेवाणीचा हिशेब असतो: तुम्ही आम्हाला कुठे मत द्याल, आम्ही तुम्हाला कुठे. तो लेखीच ठेवला जातो. भारत 2020 मध्ये सुरक्षा परिषदेवर 192 पैकी 184 मतांनी निवडून आला. त्या आकड्यामागे किती नोट व्हर्बाल, म्हणजे दूतावास आणि मंत्रालय यांच्यातली औपचारिक पत्रं, लिहिल्या गेल्या असतील याची कल्पना करा. असा पाठिंबा चहाच्या टेबलावर मागितला तर उत्तर एकच येतं: ‘नोट पाठवा.’ आणि ते बरोबरच असतं.

मग टेरिटोरियल डिव्हिजनचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. व्हिएन्नाच्या 1961 च्या कराराचं 41 वं कलम म्हणतं, की दूतावासाने यजमान सरकारशी करायचं अधिकृत कामकाज परराष्ट्र मंत्रालयाशी किंवा त्याच्यामार्फत करावं, किंवा ठरलेल्या दुसऱ्या मंत्रालयाशी. प्रत्यक्षात दूतावास इतर खात्यांशीही थेट बोलतात, पण अडलं की परत याच दारात येतात. गृह मंत्रालयाला पत्र लिहायचं, वाणिज्य मंत्रालयातल्या बैठकीत तुमच्या देशाची बाजू सांगायची, यूएनच्या विभागाकडून फाईल आली की तिच्यावर ‘या देशाशी संबंध महत्त्वाचे आहेत, पाठिंबा द्यावा असं आमचं मत’ असं टिपण करायचं, हे सगळं जॉइंट सेक्रेटरी करतात. तुमच्या वतीने दुसऱ्या खोलीत बोलणारी व्यक्ती ती असते. तिथे त्या काय बोलतील हे त्यांच्याकडे तुमच्याबद्दल काय माहिती आहे यावर ठरतं. म्हणून पहिल्या भेटीत होकार मागू नका. दुसऱ्या खोलीत वापरता येईल अशी सामग्री त्यांच्या हाती द्या.

याची दोन उदाहरणं माझ्या स्वतःच्या पहिल्या महिन्यातली आहेत. देशांची नावं सांगत नाही.

मी रुजू होऊन आठवडाभर झाला होता. एक राजदूत आले आणि बसता बसताच म्हणाले, तुमच्या आधीच्या साहेबांनी हे कबूल केलं होतं, आता फक्त पत्र यायचं बाकी आहे. मी काय बोलणार? मी म्हणालो, बघून सांगतो. ते गेल्यावर सेक्शनकडून फाईल मागवली. त्यात तसलं काही नव्हतं. माझ्या आधीचे अधिकारी तोवर परदेशात पोचले होते. त्यांच्या रात्रीच्या वेळी फोन करून विचारलं. ते म्हणाले, ‘मी म्हणालो होतो की प्रयत्न करतो.’ आता या दोघांत खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाने तेच वाक्य आपल्या कानाने ऐकलं होतं. पण मी कुठे उभा होतो बघा. होकार पाळावा तर मी न वाचलेल्या गोष्टीवर सही करतो, नाकारावा तर माझ्या सहकाऱ्याला खोटं पाडतो. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात अशा जागी उभं केलं की तो सावध होतो. त्यानंतर कितीतरी महिने त्या दूतावासाकडून मी प्रत्येक गोष्ट लेखी मागत होतो. फोनवर ज्या गोष्टी पाच मिनिटांत झाल्या असत्या, त्यांना पंधरवडा लागत होता. राजदूतांचा विषय रास्त होता, आणि तो असा रखडला याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका देशाच्या राजदूत आल्या. त्यांचा विषय मागची चार वर्षं अडकलेला होता. अभिनंदन झाल्यावर त्यांनी एक पान टेबलावर ठेवलं. साधा कागद होता, त्यावर लेटरहेड नव्हतं आणि सहीही नव्हती. आमच्या भाषेत त्याला नॉन-पेपर म्हणतात. त्यावर फक्त तारखा होत्या. अमुक दिवशी आमची नोट, तिचा क्रमांक. अमुक दिवशी तुमचं उत्तर, त्याचा क्रमांक. अमुक दिवशी बैठक, कोण हजर होतं. शेवटची ओळ: ‘सध्या विषय अमुक मंत्रालयाच्या अभिप्रायासाठी थांबला आहे, असं आम्ही समजतो.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला हे शोधायला वेळ लागेल म्हणून आणलं. आज काही उत्तर नको.’ मग त्या त्यांच्या देशातल्या निवडणुकांबद्दल बोलल्या आणि वेळेत उठल्या. मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन महिन्यांनी त्या दुसऱ्या मंत्रालयात एका वेगळ्याच विषयावर बैठक होती. निघताना तो कागद खिशात घातला, आणि बैठक संपल्यावर तिथल्या अधिकाऱ्याला दाखवला. त्याच्याकडे तर आमचं पत्रच पोचलं नव्हतं. विषय तिथून सुटायला लागला.

त्या कागदाने काय केलं ते नीट बघा. आधीच्या अधिकाऱ्याचं नाव त्यावर एकदाच होतं, बैठकीला हजर असलेल्यांच्या यादीत. ‘त्यांनी कबूल केलं’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तरीही बैठकीत काय ठरलं ते पुढच्या पत्रव्यवहारावरून मला कळत होतं. मी माझा निष्कर्ष स्वतः काढला, म्हणून तो माझा झाला.

तुमच्या बाबतीत आधीच्या जॉइंट सेक्रेटरींचा तोंडी होकार असाच आणता येईल. राजदूतांनी एवढंच म्हणावं: ‘मार्चमध्ये आम्ही यावर तुमच्या आधीच्यांशी सविस्तर बोललो होतो, त्यांना हा विषय चांगला माहीत आहे.’ बस. नव्या बाई त्यांना फोन करतील किंवा करणार नाहीत. केला तर होकार त्यांच्या सहकाऱ्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत जाईल, आणि तो तुमच्या राजदूतांनी सांगण्यापेक्षा कितीतरी वजनदार असेल.

जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण हा धडा मला तिथे पहिल्यांदा नीट कळला. तिथले बरेचसे बदल उन्हाळ्यात होतात, संसदेचं नेहमीचं अधिवेशन जूनमध्ये संपलं की. आमचा संबंध तिथल्या दक्षिण-पश्चिम आशिया विभागाशी असायचा. कासुमिगासेकी या टोकियोतल्या सरकारी कचेऱ्यांच्या भागातल्या त्या इमारतीत एका उन्हाळ्यात नव्या संचालकांना भेटायला गेलो तेव्हा त्यांच्यासमोर टिपणांची जाड चळत होती. जाणारा अधिकारी येणाऱ्याला सगळं लिहून देतो, त्याला तिथे हिकित्सुगी म्हणतात. आपल्याकडेही हॅण्डिंग ओव्हर नोट असते, पण तिथे ती फार गांभीर्याने घेतली जाते. त्यांना आमच्या प्रत्येक विषयाची तारीख पाठ होती. मी तयार केलेलं सगळं भाषण त्यांच्यापाशी आधीच लिहिलेलं होतं! तेव्हा मी बोलणं बदललं. टिपणात जे सहसा येत नाही ते सांगायला लागलो: आमच्या बाजूने हा विषय कोणाला मनापासून हवा आहे, कुठे नुसती औपचारिकता उरली आहे, कुठल्या राज्यात काय चाललं आहे. महाराष्ट्र आणि वाकायामा प्रांत यांच्यात 2013 मध्ये करार झाला. पुढे 2015 च्या सप्टेंबरात कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसं जमतात आणि कोयासान हे जपानी बौद्ध परंपरेचं हजार-बाराशे वर्षांचं पीठ आहे, या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या की समोरच्याला कराराचा अर्थ कळतो. त्याचं टिपण कोणी करत नाही. त्यात मागणी काही नसते, पण नवा अधिकारी पेन हातात घेतो.

तुमच्याकडे असा विषय आहे, आणि ब्रीफमध्ये तुम्ही त्याला तक्रार म्हणून लिहिलं आहे. पुण्यातले तुमचे विद्यार्थी. किती आहेत, कुठल्या कॉलेजात, काय शिकतात, शिकून परत गेलेल्यांपैकी कोण आज तुमच्या देशात कुठल्या पदावर आहेत, हे राजदूतांनी दोन मिनिटांत सांगावं. ‘आमच्या आरोग्य खात्यातल्या अमक्या विभागाचे प्रमुख पुण्यात शिकले’ असं एक जरी खरं वाक्य मिळालं तरी ते शोधून काढा. त्यानंतर व्हिसाच्या उशिराचा विषय आपोआप येतो आणि तो जॉइंट सेक्रेटरींनाही आपला वाटतो. तीनपैकी एकच विषय तोंडी काढायचा झाला तर मी हाच काढेन. इथे जॉइंट सेक्रेटरी स्वतःहून एक गोष्ट करू शकतात: गृह मंत्रालयातल्या समकक्ष अधिकाऱ्याला पत्र. शिवाय यात माणसं आहेत. मुदत संपत आलेल्या मुलाला घरमालक भाडेकरार वाढवून देत नाही, आणि करार नाही म्हणून अर्ज अडतो. हे चक्र तुम्ही जवळून पाहिलं असणार. सरासरी आकडे देऊ नका. नावं न घेता दोन-तीन प्रकरणं तारखांसह द्या.

इथवरचं थोडक्यात: तोंडी एक विषय, विद्यार्थ्यांचा. कडधान्याचा इतिहास तारखांच्या कागदावर. निवडणुकीतल्या पाठिंब्यासाठी रीतसर नोट व्हर्बाल आधीच गेलेली असावी आणि भेटीत ‘आमची नोट अमुक तारखेला पोचली आहे’ एवढा एका वाक्याचा उल्लेख. आधीच्यांच्या होकाराबद्दल काही नाही, फक्त त्यांच्याशी बोलणं झालं होतं एवढाच उल्लेख.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. संबंध ताणलेले असतील तर सौजन्य भेटसुद्धा संदेश असते आणि तिथे प्रत्येक शब्द राजधानीतून ठरून येतो. भेटीच्या दिवशी सकाळीच तुमच्या राजधानीतून एखाद्या विषयावर डिमार्श करण्याचा, म्हणजे सरकारची भूमिका अधिकृतपणे मांडण्याचा आदेश आला तर तो टाळता येत नाही. पण शक्यतो तो या भेटीत मिसळू नका. त्याच दिवशी दुपारची वेगळी वेळ मागा, नाही मिळाली तर सौजन्याचा भाग संपवून, ‘आता मला आदेशानुसार एक गोष्ट सांगायची आहे’ असं स्पष्ट म्हणून मग सांगा. वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी गणितच वेगळं असतं. तिथे आपल्या भागाचा सहायक परराष्ट्रमंत्री सिनेटच्या मंजुरीनंतर रुजू होतो, आणि तोवर कितीतरी महिने प्रभारी अधिकाऱ्याशी काम करावं लागतं. दिल्लीत तसं नाही. इथे बदली झाली की माणूस लगेच खुर्चीवर असतो, पण एका जॉइंट सेक्रेटरीकडे अनेकदा दीड-दोन डझन देश असतात. दिल्लीत दीडशेच्या वर दूतावास आहेत आणि आपली परराष्ट्र सेवा सुमारे हजार अधिकाऱ्यांची आहे. त्यामुळे तुमचा देश त्यांच्या वाचनात कितव्या क्रमांकावर आला असेल, हे तुम्हीच ओळखा. छोट्या देशाने याचं वाईट वाटून घेऊ नये. उलट मोठ्या देशांच्या जाडजूड ब्रीफपेक्षा तुमचं एक पान वाचलं जाण्याची शक्यता जास्त असते.

त्यांच्या बाजूने काय येईल याचीही तयारी ठेवा. छोट्या देशांच्या राजदूतांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न म्हणजे आयटेकच्या जागा. 1964 पासून चालू असलेल्या या योजनेत भारत सुमारे 160 देशांतल्या अधिकाऱ्यांना इथे बोलावून अल्पमुदतीचं प्रशिक्षण देतो. तुमच्या देशाला मिळालेल्यांपैकी किती जागा वापरल्या गेल्या, आणि उरल्या तर का? आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांचंही तेच. याचं उत्तर राजदूतांच्या जिभेवर असायला हवं. ‘बघून कळवतो’ असं म्हणण्याची पाळी आली तर विद्यार्थ्यांबद्दल आधी जे बोललात त्याचं वजन कमी होतं.

दुसरी तयारी त्यांना उपयोगी पडणारी. नव्या अधिकाऱ्याला पहिल्या तिमाहीत काहीतरी ठोस हवं असतं. फॉरेन ऑफिस कन्सल्टेशन्सची, म्हणजे दोन्ही परराष्ट्र मंत्रालयांमधल्या ठरावीक चर्चेची शेवटची फेरी कधी झाली, पुढची कोणाच्या राजधानीत व्हायची आहे, हे तपासा आणि तुमच्या राजधानीशी बोलून दोन-तीन संभाव्य तारखा घेऊन जा. तारखा ठरल्या की त्या बैठकीची विषयपत्रिका बनते आणि कडधान्याला तिथे आपोआप जागा मिळते. त्या बैठकीआधी जॉइंट सेक्रेटरींना प्रत्येक संबंधित मंत्रालयाचा अभिप्राय मागवावाच लागतो. राजदूतांनी आठ मिनिटांत मागून जे मिळणार नाही ते या वाटेने मिळतं.

ब्रीफ किती मोठं असावं? दोन पानं. अर्धं पान जॉइंट सेक्रेटरींवर: आधीच्या नेमणुका, कुठली परकीय भाषा शिकल्या आहेत, तुमच्या भागात कधी होत्या का, नावाचा नेमका उच्चार. परदेशी राजदूतांना आपल्याकडची आडनावं अवघड जातात, म्हणून उच्चार त्यांच्या लिपीत लिहून द्या आणि गाडीत एकदा म्हणून घ्या. उरलेल्या दीड पानात विषय, आणि शेवटी ठळक अक्षरात काय काढायचं नाही ते. या शेवटच्या ओळी बहुतेक ब्रीफमध्ये नसतात, आणि त्याच सगळ्यात उपयोगी असतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या जवाहरलाल नेहरू भवनाच्या गेटवर कोण कोण येणार त्यांची नावं आणि गाडीचा नंबर आधी कळवा. भेटवस्तू न्यायचीच असेल तर तुमच्याकडची कॉफी किंवा एखादं पुस्तक पुरे. मौल्यवान वस्तू दिली तर त्यांना ती तोषाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात जमा करण्याचा व्याप होतो. फोटो एक्सवर टाकण्याआधी विचारा, आणि मजकुरात विषयांची यादी देऊ नका. ‘विद्यार्थ्यांच्या व्हिसावर चर्चा झाली’ असं तुम्ही लिहिलंत आणि गृह मंत्रालयात कोणी ते वाचलं, तर जॉइंट सेक्रेटरींचं पत्र जाण्याआधीच तिथे कपाळाला आठ्या पडतील.

आता रेकॉर्ड. भेटीनंतरची नोंद कोण लिहिणार हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला वाटतं हे काम तुमच्याकडेच येईल. मी फर्स्ट सेक्रेटरी असताना एका राजधानीत ही नोंद मी लिहिली होती. तिथले नवे अधिकारी आमच्या राजदूतांना म्हणाले होते, ‘आम्ही याचा सकारात्मक विचार करू.’ मी लिहिलं, ‘तत्त्वतः मान्य.’ लिहिताना मला दोन्ही एकच वाटले. दिल्लीत ती नोंद वाचून लोक कामाला लागले. एका शिष्टमंडळाच्या तारखा ठरल्या, तिकिटं निघाली, आणि मग त्या सरकारने विचारलं की हे कशावरून? सगळं मागे घ्यावं लागलं. ते अधिकारी माझ्याशी पुढेही सभ्यपणे वागले, पण त्यानंतर माझ्यासमोर ते फार मोजकं बोलायचे. तेव्हापासून मी एक नियम पाळला: समोरच्याचं क्रियापद बदलायचं नाही. ‘बघू’ म्हणाले तर ‘बघू’. ‘अवघड आहे’ म्हणाले तर ‘अवघड आहे’. त्याचा अर्थ काय असावा हे लिहायचंच असेल तर खाली वेगळ्या परिच्छेदात, ‘आमचं मत’ म्हणून. आणि नोंद त्याच संध्याकाळी करा, कारण दुसऱ्या दिवशीपर्यंत आपल्याला हवं ते आपण ऐकलेलं असतं. तुम्ही स्वतः खोलीत नसाल, आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना अनेकदा नेत नाहीत, तर जे राजनैतिक अधिकारी सोबत जातील त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, ‘मी फक्त लोकल स्टाफ आहे’. ते मला खटकलं. तुमचे राजदूत तीन-चार वर्षांत जातील. मंत्रालयातल्या या बाईही जातील, बहुधा त्याच्या आधी. तुम्ही राहाल. पलीकडेही तसाच एक माणूस असतो: त्या डिव्हिजनमधले सेक्शन ऑफिसर, ज्यांनी तीन जॉइंट सेक्रेटरी पाहिलेले असतात आणि कुठला कागद कुठल्या फाईलमध्ये आहे हे ज्यांना आठवतं. मी जॉइंट सेक्रेटरी झालो तेव्हा पहिल्या दिवशी दोन तास माझ्या सेक्शन ऑफिसरबरोबर बसलो होतो, आणि फाईलींत नसलेलं निम्मं मला तिथे कळलं. तुमचा त्यांच्याशी परिचय नसेल तर या आठवड्यात करून घ्या. भेटीच्या दोन दिवस आधी त्यांना फोन करा आणि तुमच्या पानावरचे नोटांचे क्रमांक आणि तारखा एकेक करून वाचून दाखवा. त्यांच्या फाईलमध्ये एखादी नोट नसेल तर त्याच दिवशी तिची प्रत पाठवा आणि पोच घ्या. एखादी तारीख जुळली नाही तर पान पुन्हा टाइप करा, मग राजदूतांच्या हातात द्या.